मॅक्रो लेन्स घेण्याआधी: मॉडेल रेसकार फोटोत खेळणं का वाटते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिंहगड रस्त्यावरच्या घरी तुम्ही तामिया या जपानी कंपनीच्या किटमधल्या दोन मॉडेल गाड्या पूर्ण केल्यात, १:२० ची मॅक्लारेन एमपी४/४ आणि १:२४ ची माझदा ७८७बी. हातात घेतल्या की सुरेख दिसतात, पण मोबाइलने फोटो काढला की खेळण्यातल्या वाटतात. मॅक्लारेनचा लाल फोटोत सपाट डाग होऊन येतो. माझदावर जुलैत मारलेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पांढुरका पडलाय. आणि आता तीस-चाळीस हजार खर्चून कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारकावे टिपणारी) घ्यावी का, हे ठरत नाहीये.

घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुमच्या फोटोंना बारकावा कमी पडत नाहीये. गाडी चोविसाव्या भागाएवढी झाली, पण तुमचा डोळा, दिवा आणि रंगाचा थर हे तिघं मूळ मापाचेच राहिलेत, ही खरी अडचण आहे. मॅक्रो लेन्स हीच तफावत आणखी मोठी करून दाखवेल. अर्थात, तुम्हाला फोटो कशासाठी हवेत यावर थोडं अवलंबून आहे. स्पर्धेसाठी कॉकपिटमधले बेल्टचे बकल दाखवायचे असतील तर मॅक्रोला पर्याय नाही. पण पूर्ण गाडी खरी वाटावी असं म्हणत असाल तर पुढचं वाचा.

सुरुवात कॅमेऱ्याच्या उंचीपासून करू. टेबलाशी बसून आपण फोटो काढतो तेव्हा फोन टेबलापासून साधारण ४० सेंमी वर असतो. १:२४ च्या जगात ही उंची साडेनऊ मीटर होते, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या पार्किंगमधल्या गाडीचा फोटो काढल्यासारखं. खऱ्या गाडीजवळ उभ्या माणसाचा डोळा दीड-पावणेदोन मीटरवर असतो. १६० सेंमी धरले तर १:२४ ला ६.७ सेंमी आणि १:२० ला बरोबर ८ सेंमी. पिट लेनमध्ये गुडघ्यावर बसलेला फोटोग्राफर आणखी खाली असतो, त्याच्यासाठी तीन-चार सेंमी. फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे सरळ धरलेला फोन एवढा खाली येतच नाही. फोन उलटा करा, लेन्स टेबलाकडे येईल. फोटो नंतर फिरवता येतो. बाकी काहीही न बदलता एवढं एकच करून पाहा, फरक लगेच दिसतो.

दुसरं म्हणजे अंतर. छोटी वस्तू आहे म्हणून आपण जवळ जातो. १० सेंमीवरून काढलेला फोटो म्हणजे खऱ्या माझदापासून २ मीटर ४० सेंमीवर उभं राहून काढलेला फोटो. नाक फुगतं, मागचा भाग पळून जातो. त्यात बरेच फोन एवढ्या जवळ गेल्यावर आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात आणि विकृती आणखी वाढते. आपण लहानपणापासून पाहिलेले रेसिंगचे फोटो तसे नसतात. ते ट्रॅकच्या कुंपणाबाहेरून, लांब लेन्सने, तीस-तीस मीटरवरून काढलेले असतात. १:२४ ला ३० मीटर म्हणजे सव्वा मीटर. तेव्हा फोन स्टँडवर लावा, सव्वा मीटर मागे जा, फोनला दुसरी लांब लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर साधा फोटो काढून नंतर क्रॉप करा. पिक्सेल कमी होतील, पण गाडीची वळणं जशी हवीत तशी येतील. पिटमधला जवळचा फोटो हवा असेल तर पाच-सहा मीटरच्या हिशेबाने २५ सेंमी पुरे, त्याच्या आत जाऊ नका.

आता फोकस. लोक मोठ्या कॅमेऱ्यावर पैसे घालवतात ते याच्यासाठी आणि नेमका इथेच मोठा कॅमेरा जड जातो. खऱ्या गाडीचा फोटो ५० मिमी लेन्सने एफ ८ वर (भोक म्हणजे ५० भागिले ८) काढला, तर लेन्समधलं प्रकाशाचं भोक सव्वासहा मिमीचं असतं. मॉडेलचा फोटो हुबेहूब तसा यायचा तर भोकही चोविसाव्या भागाचं हवं, म्हणजे जेमतेम पाव मिमी. ५० मिमीच्या लेन्सवर ते एफ १९२ होईल. असं कुठल्या लेन्सवर नसतं, आणि असलं तरी एवढ्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो व सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून मोठ्या कॅमेऱ्यावर एफ २.८ ला मॉडेल काढलं की पुढचं चाक फोकसमध्ये आणि मागची विंग धुक्यात. बघणारा तेवढ्यावरून ओळखतो की वस्तू वीतभर आहे.

फोनची मुख्य लेन्स मुळातच लहान असते. फोकल लेंग्थ साधारण ६ मिमी आणि अपर्चर एफ १.८ धरलं तर भोक सव्वातीन मिमीचं. मोठ्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स एफ १६ ला बंद केली तरी भोक जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे या बाबतीत तुमचा फोन आधीच चांगल्या जागी उभा आहे. त्याच मुख्य लेन्सने मागे जाऊन क्रॉप केलं तर फोकसमध्ये येणारा भाग आणखी वाढतो. पोर्ट्रेट मोड मात्र कायमचा बंद ठेवा. तो मागचं खोटंच धूसर करतो आणि विंगच्या कडाही खातो. तरीही नाक आणि शेपूट दोन्ही तीक्ष्ण हवीत तर फोकस स्टॅकिंग करा. स्टँड न हलवता फोकस पुढून मागे सरकवत सहा-आठ फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. कंबाइनझेडपी फुकट आहे, हेलिकॉन आणि झेरीन विकत. मात्र ट्रॅकवरच्या फोटोत मागची झाडं थोडी मऊ असतातच, तेव्हा पार्श्वभूमी स्टॅकमध्ये घेऊ नका.

प्रकाशाबद्दल मी सगळ्यात आग्रही आहे. घरातला टेबल लॅम्प गाडीपासून ४० सेंमीवर, नाकाच्या बाजूला ठेवला असं समजा. एमपी४/४ साधारण २० सेंमी लांब, म्हणजे मागची विंग दिव्यापासून ६० सेंमीवर. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे विंगवर नाकाच्या निम्म्याहूनही कमी उजेड पडतो. खऱ्या गाडीवर उन्हात असं कधीच होत नाही. म्हणून दिवा मागे न्या, जितका नेता येईल तितका, आणि उजेड कमी पडला तर शटर जास्त वेळ उघडा ठेवा. फोन स्टँडवर असेल तर गाडी काही हलत नाही.

याहून चांगला उपाय गच्चीवर आहे. ऊन कुठल्याही स्केलला चालतं. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो. सावलीची कड किती मऊ होणार हे त्या कोनावर आणि वस्तू जमिनीपासून किती वर आहे यावर ठरतं, म्हणून मॉडेलच्या विंगची सावली आणि खऱ्या विंगची सावली प्रमाणात अगदी सारखी पडते. शिवाय नाक आणि शेपूट दोन्हींवर उजेड समान. हे कुठल्याही स्टुडिओ लाइटने इतकं सहज साधत नाही. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सकाळी साडेसात ते नऊचं तिरपं ऊन यासाठी उत्तम. एप्रिल-मेची दुपार टाळा. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तुमची माझदा फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या रेसची आहे. ल मां ४८ अंश उत्तरेला, तिथे जूनमध्येसुद्धा सूर्य ६५ अंशांच्या आसपासच चढतो. पुण्याच्या दुपारची गाडीखाली गोळा झालेली सावली त्या गाडीला शोभतच नाही. पावसाळ्यात भरलेलं आभाळ असताना गॅलरीत काढलेले फोटोही छान येतात, तो ढगाळ रेसचा उजेड.

घरातच काढायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा: चकाकणाऱ्या गाडीचा फोटो म्हणजे तिच्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबांचा फोटो. एलईडीचे उघडे ठिपके बॉडीत दिसले की सगळं संपलं. अप्पा बळवंत चौकातून मोठा ट्रेसिंग पेपर आणि पांढरी-काळी कार्डशीट आणा. ट्रेसिंग पेपर गाडीच्या वर आडवा ताणा आणि दिवा त्याच्या वरून मारा. गाडीच्या खांद्यावरून एक लांब, अखंड पांढरी पट्टी धावताना दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत गाडी थोडी थोडी फिरवा. मग फ्रेमच्या बाहेर बाजूला काळी कार्डशीट उभी करा, तिचं प्रतिबिंब बॉडीच्या कडा रेखून देतं. दिवा घेताना सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या, तापकीर गल्लीत विचारलंत तर मिळतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) मात्र जपून. चमक पूर्ण काढून टाकली की गाडी प्लास्टिकची दिसते.

तुमच्या लालबद्दल. १९८८ च्या मॅक्लारेनचा लाल साधा नव्हता. टीव्हीवर तो लाल दिसायचा, प्रत्यक्षात नारिंगीकडे झुकलेला फ्लुरोसंट होता. तामियाचा टीएस-३६ हा फ्लुरोसंट लाल स्प्रे तुम्ही वापरला असेल तर रंग बरोबर आहे, तो बदलायला जाऊ नका. फ्लुरोसंट रंग निळा आणि अतिनील प्रकाश शोषून तो लाल म्हणून परत टाकतो. कॅमेऱ्याचा लाल चॅनल त्यामुळे आधीच भरून जातो आणि बॉडीचे सगळे उतार एकाच पातळीवर येतात. तोच तुमचा सपाट डाग. फोनवर एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. पांढरा भाग जरा करडा वाटेल, तो नंतर उचलता येतो, पण भरून वाहिलेला लाल परत मिळत नाही. पुढच्या वेळी या रंगाखाली शुभ्र पांढरा बेस द्या. करड्या प्रायमरवर तो मेलेला दिसतो.

आता जोडणीकडे येऊ, कारण फोटोतले निम्मे दोष तिथलेच असतात. मी प्रायमर मारण्याआधीच गाडीचे फोटो काढून मोठे करून पाहते. डोळ्याला न दिसणारी सांध्याची रेघ आणि साच्याची शीर तिथे उघडी पडते, आणि तेव्हा दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

रंगाच्या थराचा हिशेब पाहा. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण मिमीचा दहावा भाग होतो. आपण प्रायमर, रंग, डेकल (चिकटवायची नक्षी आणि अक्षरं) आणि क्लिअर मिळून मॉडेलवरही जवळपास तेवढंच चढवतो. १:२४ ला तो अडीच मिमीचा लेप झाला. म्हणून कडा गोल होतात आणि पॅनल लाइन (बॉडीच्या भागांमधल्या फटींच्या रेघा) बुजतात. थर पातळ द्या हे खरंच, पण त्याला मर्यादा आहे. म्हणून प्रायमरच्या आधी सगळ्या पॅनल लाइन स्क्रायबरने थोड्या खोल करून घ्या. रुंद करू नका. खऱ्या रेसकारवर फट तीन-चार मिमीची, म्हणजे मॉडेलवर ०.१५ मिमी. वॉश (फटींमध्ये उतरणारा पातळ रंग) देताना सरसकट काळा नको. पांढऱ्यावर मध्यम करडा, लालवर गडद तपकिरी-लाल. काळा फक्त जो भाग खरोखर उघडतो त्याच्या फटीला. सगळ्या रेघा काळ्या केल्या की गाडी चित्रकथेतली वाटते.

टायर हा दुर्लक्षित भाग आहे आणि फोटोत डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. किटमधले टायर चकचकीत असतात. स्लिकचा, म्हणजे गुळगुळीत रेसिंग टायरचा, जमिनीला टेकणारा भाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, बाजूची भिंत नुसती मॅट करा. आणि महत्त्वाचं म्हणजे खरा टायर गाडीच्या वजनाने खाली थोडा चपटा होऊन जमिनीला पसरून टेकतो. मॉडेलचा टायर एका रेषेवर टेकतो, म्हणून गाडी तरंगल्यासारखी दिसते. प्रत्येक टायरच्या तळाशी छोटासा सपाट भाग घासून काढा. चारही चाकं टेकताहेत का हे काचेवर ठेवून तपासा. एवढ्याने गाडीला वजन येतं.

वायरचंही तसंच. स्पार्क प्लगची खरी वायर सात-आठ मिमी जाड. १:२४ ला ती ०.३ मिमी. अर्ध्या मिमीची वायर लावली तर इंजिनवर पाण्याचे पाइप बसवल्यासारखं दिसतं. वायर विकत घेण्याआधी खऱ्या मापाला स्केलने भागायची सवय लावा.

गाडी कुठल्या क्षणाची आहे हेही आधी ठरवा. ५५ नंबरची माझदा २२ जून १९९१ च्या दुपारी रेसला उभी राहिली तेव्हा झळाळत होती. दुसऱ्या दिवशी जिंकून आली तेव्हा २४ तासांची काजळी, किडे आणि रबराचा चुरा अंगावर घेऊन आली. दोन्ही खरं आहे. पण आरशासारखा क्लिअर कोट आणि झिजलेले टायर एकाच गाडीवर असले तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, जरी त्याला कारण सांगता आलं नाही तरी. एकच क्षण निवडा आणि त्या क्षणाचेच संदर्भ-फोटो पाहा.

पांढुरका पडलेला क्लिअर कोट ही आपल्या पावसाळ्याची देणगी. लॅकर वाळताना थिनर उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. ती थरात अडकली की दुधी छटा येते. आधी गाडी चार-सहा दिवस कोरड्या जागी ठेवा. त्यानंतरही छटा राहिली तर मिस्टर लेव्हलिंग थिनरसारखा सावकाश उडणारा थिनर एअरब्रशने अगदी हलका, लांबून, धुक्यासारखा मारा. वरचा थर थोडा सैल होतो आणि ओल निघून जाते. भिजेपर्यंत मारू नका, खाली डेकल आहेत. ती विरघळायला किंवा सुरकुतायला वेळ लागत नाही. जून ते सप्टेंबर मी फक्त जोडणी, घासकाम आणि ब्रशचं काम करते. चकचकीत रंग दिवाळीनंतर. घरात एसी असेल तर तो बऱ्यापैकी ओल ओढतो, तेव्हा घाई असल्यास तो दोन तास चालवून, बंद करून मग स्प्रे करा. आणि कडक उन्हाळ्यात उलट त्रास होतो, रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. तेव्हा पहाटे काम करा आणि थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला.

नाना पेठेत गाड्यांच्या रंगाचा टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर मिळतो आणि त्याची चमक फार छान असते, म्हणून बरेच जण तो घेतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमचं नुकसान करू शकतं आणि साधा कापडी मास्क काहीही अडवत नाही. योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर तो वापरूच नका. तामियाचा टीएस-१३ किंवा मिस्टर कलरचा क्लिअर, पातळ थरात देऊन, २००० नंबरने पाण्यात घासून, कंपाउंडने पॉलिश केला तर फोटोत फरक कळत नाही. अर्थात लॅकरलाही व्हेपर मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

गाडी ज्या पाटीवर ठेवायची त्या पायाचं थोडक्यात सांगते. काळा वॉटर पेपर तसाच वापरला की फोटोत तो फार काळा दिसतो आणि त्याचे कण चमकतात. खरा डांबरी ट्रॅक उन्हात मध्यम करडा असतो. खडीच्या मापाने पाहिलं तर ८० नंबर बसतो, पण घासून गुळगुळीत झालेल्या ट्रॅकसाठी मला १८० ते २२० बरा वाटतो. त्यावर मॅट करडा स्प्रे मारा, टायर जातात त्या पट्ट्यात किंचित गडद. ही पाटी घेऊन तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जा, एखाद्या कट्ट्यावर ठेवा आणि दूरच्या झाडांची रांग पाटीच्या कडेमागे येईल अशी जागा शोधा. मधली जवळची जमीन कडेने झाकली गेली पाहिजे. तुमची लेन्स सात-आठ सेंमीवर असेल तर क्षितिज आपोआप योग्य उंचीवर येतं. अमेरिकेतले मायकेल पॉल स्मिथ हेच करायचे. १:२४ च्या गाड्या, मागे खरी झाडं आणि खरी घरं, आणि हातात साधा छोटा डिजिटल कॅमेरा. त्यांचे फोटो शोधून पाहाच. सकाळी फिरायला आलेली मंडळी थांबून विचारतील, त्यांना दाखवा. पण वारा सुटला तर गाडी आधी डब्यात ठेवा.

फोटो काढण्याच्या लगेच आधी ब्लोअर आणि मऊ ब्रशने धूळ काढा. कापडाने पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि धूळ आणखी चिकटते. धुळीचा अर्ध्या मिमीचा कण १:२४ ला बारा मिमीचा खडा होतो.

आता पैशांचं. फोनसाठी चांगला जड स्टँड, एक दिवा, ट्रेसिंग पेपर, कार्डशीट, ब्लोअर, एवढंच आधी घ्या. तुमच्याकडे एअरब्रश आणि बरा कॉम्प्रेसर नसेल तर उरलेले पैसे तिकडे घाला, कारण पातळ थर त्यानेच येतात. महिनाभर या पद्धतीने काढून पाहा. त्यानंतरही बारा बाय अठराचे प्रिंट काढायचे असतील, किंवा इंजिन आणि कॉकपिटचे क्लोजअप हवे असतील, तर सेकंडहँड डीएसएलआर आणि ६० किंवा ९० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स घ्या. एपीएस-सी सेन्सरवर एफ ११ ते १६ च्या पुढे जाऊ नका, त्यानंतर चित्र मऊ पडायला लागतं. उरलेलं काम स्टॅकिंगवर सोडा.

आधी माझदाचे तीन फोटो काढून इथे टाका. एक नेहमीसारखा, एक फोन उलटा करून ६.७ सेंमीवरून, आणि एक सव्वा मीटरवरून क्रॉप केलेला, तिन्ही गच्चीवरच्या सकाळच्या उन्हात. क्लिअर कोटचाही जवळचा एक टाका, म्हणजे थिनर मारून भागेल की घासून पुन्हा मारावा लागेल ते सांगता येईल.